ग्रामीण रुग्णालयात हेपेटायटिस बीचे जेवढे रुग्ण सापडतात, तेवढेच गावात असतात का?

विश्वामित्री
नमस्कार मंडळी. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि गेली एकोणीस वर्षे शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. बाळंतपणासाठी नाव नोंदवलेल्या स्त्रिया, शस्त्रक्रियेचे रुग्ण आणि कावीळ झालेली माणसे यांच्या रक्ताची एचबीएसएजी (यकृताच्या हेपेटायटिस बी या संसर्गाची) तपासणी माझ्याच हातून होते. सीरमचे थेंब पट्टीवर टाकून पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते. पहिली रेघ पट्टी नीट चालते आहे एवढेच सांगते. दुसरी उमटली, तर त्या रक्तात हेपेटायटिस बीच्या विषाणूचे पृष्ठप्रथिन आहे असे धरतात. कधी ती रेघ इतकी फिकट असते की पट्टी खिडकीशी नेऊन तिरकी धरून पाहावी लागते. अशी एकही रेघ दिसली नाही असा आठवडा आमच्याकडे क्वचितच जातो.

गेल्या महिन्यात सहा महिन्यांची गरोदर असलेल्या एका मुलीच्या पट्टीवर दुसरी रेघ आली. तिच्या केसपेपरवर लाल शाईने 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन (त्याच पृष्ठप्रथिनाचे दुसरे नाव) पॉझिटिव्ह' असे ठळक लिहिले गेले. तो कागद हातात घेऊन ती माझ्या खिडकीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बेन, आ क्यांथी आव्युं?" हे आले कुठून, या तिच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही, आणि ते अजून मनाला लागून राहिले आहे.

आता विश्वस्तांनी वार्षिक अहवालासाठी माझ्याकडे वहीतील टक्केवारी मागितली आहे, आणि 'आमच्या तालुक्यात इतक्या टक्के लोकांना हेपेटायटिस बी आहे' असे वाक्य त्यांना छापायचे आहे. रुग्णालयाच्या वहीवरून तालुक्याविषयी असे विधान करता येते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रावपुरा_रहिवासी
ताई, ज्याला गावाकडे झेरी कमळो म्हणतात आणि आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात, तो हाच आजार ना? तो उष्ट्या अन्नातून किंवा एका ताटात जेवल्याने पसरतो का? आमच्या शेजारी एका घरात त्यावरून सासूने सुनेची भांडी वेगळी केली आहेत.

कोठी_रोड
आधी रावपुरा_रहिवासी यांना उत्तर देतो, कारण ती भांडी आजच एकत्र व्हायला हवीत. होय, आजार तोच आहे. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. एका ताटात जेवल्याने, एका घागरीचे पाणी प्यायल्याने, मुलाला कुशीत घेतल्याने तो होत नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ हेपेटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते, आणि या दोहोंतला फरक लोकांना कोणी समजावून न सांगितल्याने अनेक सुनांची ताटे वेगळी झाली आहेत.

आता मूळ प्रश्नाविषयी. मी बारा वर्षे सरकारी सामूहिक आरोग्य केंद्रात फिजिशियन होतो. विश्वामित्रीताई, आपल्या वहीत तीन वेगवेगळे समूह एकत्र झाले आहेत, आणि तेथेच गोंधळ आहे. कावीळ झाली म्हणून आलेल्यांमध्ये हा विषाणू जास्त सापडणारच, कारण आजारानेच त्यांना निवडून आपल्या खिडकीपर्यंत आणलेले असते. शस्त्रक्रियेचे रुग्ण त्यांहून निराळे, तरी त्यांत वयस्क माणसे आणि पूर्वी इंजेक्शने, रक्त वा सलाइन घेतलेली माणसे अधिक असतात. गावातील सर्वसाधारण प्रमाणाच्या सर्वांत जवळ जाणारा समूह म्हणजे बाळंतपणाची नावनोंदणी केलेल्या स्त्रिया, कारण त्या आजारी म्हणून येत नाहीत. या तिघांची बेरीज करून काढलेली टक्केवारी त्या वर्षी आपल्या दारात कोण आले एवढेच सांगते.

देशाचे आकडेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हेपेटायटिस बी होता, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण दोन टक्के. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घेतलेल्या रक्तनमुन्यांवरून काढलेले प्रमाण मात्र ०.९५ टक्के होते. आम्ही शिकत असताना तीन ते चार टक्के हा आकडा पाठ केलेला होता. देशपातळीवर एवढी तफावत असताना एका रुग्णालयाच्या वहीवरून तालुक्याची टक्केवारी छापणे मला मान्य नाही.

आकडेमोड
डॉक्टरसाहेबांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु रुग्णालयाचा आकडा नेहमी फुगलेलाच असतो असा समज त्यातून होऊ नये. या आजाराचे बहुसंख्य वाहक वर्षानुवर्षे ठणठणीत असतात आणि रुग्णालयाची पायरी चढतच नाहीत. ज्यांचे यकृत बिघडले आहे ते गावाच्या रुग्णालयात न थांबता थेट सयाजी हॉस्पिटलला किंवा अहमदाबादला जातात. म्हणजे दोन्ही टोकांची माणसे ताईंच्या वहीबाहेर राहतात, आणि चूक खालच्या बाजूलाही होऊ शकते.

दुसरा मुद्दा पट्टीचा आहे. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले, म्हणून एक काल्पनिक उदाहरण देतो. दहा हजार लोकांपैकी एक टक्का, म्हणजे शंभर लोक खरोखर बाधित आहेत असे समजा. पट्टी सर्व बाधितांना बरोबर ओळखते, पण निरोगी माणसांतील शंभरापैकी एकाला चुकून बाधित ठरवते असेही समजा. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांतून ९९ जणांच्या पट्टीवर खोटी रेघ येईल. ज्यांच्या कागदावर लाल शाई पडली त्यांतील जवळजवळ अर्धे लोक मुळात बाधितच नसतील. आजार जितका विरळ, तितका हा धोका मोठा. फिकट रेघेचे सर्व नमुने एलायझा या अधिक खात्रीच्या रक्ततपासणीने पुन्हा तपासले जातात का, हे ताईंनी सांगावे.

विश्वामित्री
आकडेमोड काका, आपला प्रश्न वर्मी लागला. एलायझाची सोय आमच्याकडे नाही. नमुना बडोद्याला पाठवावा लागतो, आणि रुग्ण शस्त्रक्रियेचा असेल तरच तो पाठवला जातो. गरोदर स्त्रियांचे नमुने बहुधा तसेच राहतात.

मांडवी_दरवाजा
'कुठून आले' या त्या मुलीच्या प्रश्नाकडे मला परत जावेसे वाटते. २००९ च्या फेब्रुवारीत मोडासा आणि आसपासच्या गावांत जे घडले ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मोडासा तेव्हा साबरकांठा जिल्ह्यात होते, आता अरवल्लीत आहे. माझी मावशी तेथे राहत असे. एकामागून एक कावीळ झालेली माणसे दगावू लागली, चाळीसहून अधिक लोक गेले, आणि चौकशीत दवाखान्यांत सुया व सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्याचे समोर आले. काही डॉक्टरांना अटकही झाली. मावशी सांगे की त्या दिवसांत गल्लीतील प्रत्येक जण आपण शेवटची सुई कुठे घेतली होती हे आठवत बसलेला असे.

त्या काळी पुढे आलेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात दर वर्षी सुमारे तीनशे कोटी इंजेक्शने दिली जात आणि त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक असुरक्षित होती. हल्ली एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंज आल्या आहेत हे खरे, पण सुई टोचल्याशिवाय डॉक्टरने काही केले असे वाटतच नाही ही आपली समजूत गेलेली नाही. थकवा आला की लाल इंजेक्शन, ताप आला की कमरेत इंजेक्शन, आणि बोगस डॉक्टर ते वीस-तीस रुपयांत देतो. गोळीने भागणारे काम सुईने करून घेण्याचा हा हट्ट आपण रुग्णांनीच सोडला पाहिजे.

अलकापुरी_७
यात गोंदणाची भर घालावीशी वाटते. होळीनंतरच्या दिवसांत कवांटकडच्या मेळ्यात मी गोंदणाऱ्यासमोर रांग पाहिली आहे. यंत्र एक, सुई एक, रंगाची वाटी एक, आणि मधे फक्त कापडाने पुसणे. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

सुरसागर_काठ
आमच्या घरचा अनुभव लिहिते. सासऱ्यांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. आदल्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला आणि संध्याकाळी त्या खासगी रुग्णालयातून फोन आला की आमच्याकडे अशा रुग्णाची सोय नाही, दुसरीकडे पाहा. सासरे ७१ वर्षांचे आहेत. त्यांनी आयुष्यात कोणाला दुखावले नाही, आणि त्या रात्री ते मला विचारत होते, "मी असे काय केले?" पुढच्या दोन ठिकाणी फाइल उघडताच चेहरे बदलले. चौथ्या ठिकाणी ऑपरेशन झाले, पण 'किटचे' म्हणून जादा पैसे घेतले. या सगळ्यात एकाही डॉक्टरने त्यांचे यकृत कसे आहे ते पाहिले नाही, आणि घरातल्या इतरांनी तपासून घ्यावे असेही कोणी सांगितले नाही. टक्केवारी किती हा प्रश्न महत्त्वाचा असेलच, पण ज्यांच्या कागदावर ही लाल शाई पडते त्यांचे पुढे काय होते याची टक्केवारी कोणी काढतो का?

कोठी_रोड
सुरसागर_काठ, आपले वाचून मान खाली गेली. रुग्णाला परत पाठवण्याला वैद्यकीय आधार नाही. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे गृहीत धरूनच हातमोजे, सुया आणि उपकरणे हाताळायची असतात, कारण पट्टी कोरी आली तरी विषाणू असू शकतो. उपकरणांचे निर्जंतुकीकरण नियमाप्रमाणे होत असेल तर बाधित आणि अबाधित रुग्णांत फरक करावा लागत नाही.

सासऱ्यांसाठी एवढे मात्र नक्की करा. सहा महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची, आणि तेव्हाही ती पॉझिटिव्ह आली तर आजार जुनाट समजायचा. दरम्यान यकृताची स्थिती सांगणारी एसजीपीटी रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि विषाणूचे प्रमाण मोजणारी डीएनए तपासणी करून घ्या. सगळ्यांनाच औषध लागते असे नाही, पण पाळत मात्र सर्वांवरच ठेवावी लागते, कारण सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणे) आणि यकृताचा कर्करोग कोणताही गाजावाजा न करता येतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि टेनोफोव्हिरसारखी औषधे विनामूल्य मिळतात. औषध सुरू झाले तर बरे वाटते म्हणून ते स्वतःहून कधीही बंद करू नये, आजार एकदम उसळतो.

पांढरी_टोपी
मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे पुस्तकाप्रमाणे योग्य आहे, तरी आमची बाजूही ऐकावी. सहा वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता टाके घालताना रुग्ण हलला आणि सुई माझ्या तर्जनीत गेली. रुग्ण बाधित होता. लस न घेतलेल्या माणसाला अशा वेळी हेपेटायटिस बी होण्याची शक्यता सहा ते तीस टक्क्यांपर्यंत असते, आणि एचआयव्हीची जेमतेम ०.३ टक्के. मी तीनही डोस घेतले होते आणि प्रतिपिंडांचे प्रमाणही तपासून घेतले होते, म्हणून मला काही झाले नाही. त्याच रुग्णालयात कचरा उचलणारी बाई मात्र ठेकेदाराची होती. तिला लस दिलेली नव्हती, आणि सुयांची पिशवी ती उघड्या हाताने बांधत असे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. रुग्णाला परत पाठवणे चुकीचेच आहे, पण ते थांबवायचे असेल तर आधी त्या बाईच्या दंडात तीन डोस गेले पाहिजेत.

रावपुरा_रहिवासी
भांड्यांचे मी शेजारी जाऊन सांगितले. सासूबाईंनी लगेच मान्य केले नाही, पण त्यांच्या मुलाने ऐकून घेतले. ते लोक आता कावीळ उतरवणाऱ्याकडे जाणार आहेत. तो चुन्याच्या पाण्यात हात धुववतो आणि पाणी पिवळे होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

कोठी_रोड
पाणी पिवळे होते ते हाताला आधी चोळलेल्या वनस्पतीच्या रसाने, आंब्याच्या सालीनेही तसे होते. त्याच्यावर विश्वास का बसतो तेही समजून घेण्यासारखे आहे. धडधाकट प्रौढ माणसाला हा संसर्ग नव्याने झाला, तर शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक जणांचे शरीर काही महिन्यांत विषाणूला स्वतःच घालवून देते. श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. त्याच्याकडे जाऊ नका म्हणून भांडत बसण्यापेक्षा, जायचे तर जा पण सहा महिन्यांनी पट्टी पुन्हा करून घ्या आणि मुलांना लस द्या, असे सांगावे.

पाळणा
मी प्रसूतितज्ज्ञ आहे आणि हा धागा दोन दिवस वाचते आहे. त्या गरोदर मुलीचा प्रश्न 'कुठून आले' असा आहे. प्रौढपणी झालेला संसर्ग बहुधा निघून जातो हे डॉक्टरांनी लिहिलेच आहे. जन्माच्या वेळी आईकडून झालेला मात्र शंभरांतील नव्वद बाळांमध्ये कायमचा राहतो. म्हणून तिशीत ज्याच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते त्याला तो संसर्ग बहुधा जन्मतः किंवा पहिल्या पाच वर्षांत झालेला असतो, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. सुरसागर_काठ यांनी हे सासऱ्यांना अवश्य सांगावे.

त्या मुलीचे बाळ मात्र वाचवता येते, आणि त्यासाठी जन्मानंतरचे पहिले चोवीस तास आपल्या हातात असतात. लसीचा जन्मडोस अर्धा मिलिलीटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि आई बाधित असेल तर शक्यतो बारा तासांच्या आत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे हेपेटायटिस बीसह पाच आजारांवरची एकत्र लस. आईच्या रक्तात विषाणू फार जास्त असेल तर शेवटच्या महिन्यांत तिला टेनोफोव्हिर देतात. आईने बाळाला अंगावर पाजावे, त्यात धोका नाही. हे एकदा सांगून भागत नाही, कारण घरी गेल्यावर कोणीतरी तिला दूध तोडायला सांगतेच.

प्रत्यक्षात काय होते ते सांगते. बाळ रात्री अकराला जन्मते, लसीच्या फ्रिजची किल्ली सिस्टरकडे असते आणि सिस्टर सकाळी येते. सकाळी दहा डोसांची कुपी एका बाळासाठी फोडायला ती कचरते, आणि मग 'बुधवारी लसीकरणाला आणा' असे सांगून आई-बाळाला घरी पाठवले जाते. बुधवारपर्यंत पाच दिवस गेलेले असतात. वास्तविक उघडलेली कुपी थंड साखळीत नीट ठेवली तर अठ्ठावीस दिवस वापरता येते, वाया जाण्याचे कारण नाही. ती गोठू मात्र द्यायची नाही, गोठलेली लस निकामी होते. माझ्या प्रसूतिकक्षात मी फ्रिजची दुसरी किल्ली खिळ्याला टांगून ठेवली. गेल्या काही वर्षांत केलेल्या सगळ्या कामांत या किल्लीचा उपयोग सर्वाधिक झाला असे मला मनापासून वाटते.

अलकापुरी_७
मला एक विचारायचे आहे. याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' का म्हणतात? गावातील एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले होते की मी कधी गुजरातबाहेर गेलो नाही, मग हा आजार ऑस्ट्रेलियाहून कसा आला.

कोठी_रोड
बरूच ब्लमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात हे प्रथिन प्रथम आढळले, म्हणून ते नाव. त्यासाठी त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले, आणि २८ जुलै ही त्यांची जन्मतारीख जागतिक हेपेटायटिस दिन म्हणून पाळली जाते. केसपेपरवर हे नाव लिहिणे मात्र आपण आता सोडून द्यावे. रुग्णाला त्यातून काहीच कळत नाही, फक्त भीती वाटते.

आदिवासींवरून आठवले म्हणून लिहितो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशभरातील अभ्यास एकत्र करणाऱ्या एका आढाव्यात आदिवासी नसलेल्या लोकांतील प्रमाण २.४ टक्के आणि आदिवासींतील १५.९ टक्के आले होते. निरनिराळ्या जमातींमध्ये फार मोठी तफावत असते, त्यामुळे हा आकडा छोटा उदेपूरच्या राठवा या आदिवासी समाजाला सरसकट लावणे अन्यायाचे होईल. मात्र तेथे नीट मोजणी करायला हवी एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आकडेमोड
तर मोजावे कसे, ते लिहितो. विश्वामित्रीताईंनी विश्वस्तांना तालुक्याची टक्केवारी देऊ नये, आपल्या कामाचा हिशेब द्यावा. किती जणांची तपासणी झाली हा आकडा बाधितांच्या आकड्याशेजारी नेहमी असावा. गरोदर स्त्रिया, शस्त्रक्रियेचे रुग्ण आणि काविळीचे रुग्ण यांची पाने वेगळी करावीत. एकच स्त्री दोन बाळंतपणांत दोनदा मोजली जाऊ नये. एलायझाने खात्री झालेले आणि न झालेले वेगळे लिहावेत. आणि वय अवश्य लिहावे, कारण ही लस २०११ च्या सुमारास देशभरच्या लसीकरणात आली. त्यानंतर जन्मलेली मुले आणि त्याआधीची पिढी यांचे आकडे शेजारी मांडले, तर लसीने काय साधले याचा अंदाज आपल्या छोट्या वहीतूनही येऊ शकतो. त्यानंतर जन्मलेल्या मुलीही पुढे बाळंतपणाच्या वयात येतील, तेव्हा ही नोंद फार मोलाची ठरेल.

विश्वामित्री
सर्वांचे मनापासून आभार. मी काल विश्वस्तांना भेटले आणि ते वाक्य छापू नये अशी विनंती केली. त्याऐवजी एका वर्षात किती गरोदर स्त्रियांची तपासणी झाली, किती जणींची एलायझाने खात्री झाली आणि त्यांच्या किती बाळांना चोवीस तासांच्या आत लस मिळाली, एवढेच अहवालात द्यायचे असे ठरले. तिसऱ्या आकड्याची नोंद कुठेच नव्हती, हे त्या बैठकीतच आम्हा सर्वांच्या लक्षात आले. गरोदर स्त्रियांचे नमुनेही आता बडोद्याला पाठवायला मंजुरी मिळाली आहे. कचरा उचलणाऱ्या दोघींना पहिला डोस शनिवारी दिला.

वहीत मी पट्टीने चार नवे रकाने आखले आहेत: एलायझा, नवरा, आधीची मुले, बाळाचा जन्मडोस. ती मुलगी परवा नवऱ्याला घेऊन आली. मी तिला खुर्चीवर बसवून सांगितले की बहुधा हे तिच्या लहानपणापासूनच असावे आणि यात तिची काही चूक नाही. ती काही बोलली नाही, पण नवऱ्याने विचारले, "एटले मने पण थयुं हशे?" म्हणजे मलाही झाला असेल का? त्याचे रक्त घेतले आणि वीस मिनिटे ते दोघे बाकावर बसून राहिले. पट्टी मी खिडकीशी नेऊन दोनदा पाहिली, त्यावर एकच रेघ होती. त्याला लसीचा पहिला डोस दिला आणि पुढच्या दोन तारखा त्याच्या कार्डावर लिहून दिल्या. तिची एलायझा मंगळवारी येईल.

पाळणा
तिची तारीख जवळ आली की मला कळवा. इम्युनोग्लोब्युलिन आधीच मागवून ठेवावे लागते, ते ऐन वेळी मिळत नाही.